पापणीत सव्वा मासा सोनं

पहिलीच्या वर्गाला मी एकोणीस वर्षं मुळाक्षरं शिकवते आहे. क ख ग घशातून, त थ द दातांमागे जीभ टेकवून आणि प फ ब भ म दोन्ही ओठ मिटून. पोरांना तोंडासमोर तळहात धरायला लावायचा आणि 'फ' म्हणायला सांगायचं. हाताला वारा लागला की बरोबर. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आयसीयूत मी नर्सकडे पाणी मागितलं. निघालं 'फाणी'. 'प'साठी ओठ मिटतच नव्हते, डाव्या कोपऱ्यातून हवा सुटत होती. नर्सला कळलं. तिनं चमच्यानं पाणी पाजलं, ते त्याच कोपऱ्यातून मानेवर उतरलं. मी म्हणणार होते, 'काय झालं हे बाप्पा!' नागपुरात दर दोन वाक्यांमागे एक बाप्पा लागतोच. त्याचंही 'वाफ्फा' झालं.

माझं दुखणं सुरू झालं होतं कानापासून. दोनेक वर्षं माझा हात फोन आपसूक उजव्या कानाकडे न्यायचा. डाव्या कानात आवाज यायचा पण शब्द लागायचे नाहीत, आणि रात्री तिथे एक रातकिडा बसलेला असायचा. मी ते वर्गातल्या गोंगाटावर ढकललं. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी केली, एकाच बाजूचं एवढं कमी कसं म्हणून एमआरआय करायला लावला, आणि अकूस्टिक न्यूरोमा निघाला. ही कॅन्सरची गाठ नसते. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी तोल सांभाळणाऱ्या आठव्या नसेच्या आवरणावर ती हळूहळू वाढते. पंचाईत अशी, की चेहरा हलवणारी सातवी नस आणि ही आठवी नस कानामागच्या हाडातल्या एकाच अरुंद बोगद्यातून खेटून जातात. गाठ लहान असती तर दर सहा-बारा महिन्यांनी एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवलं असतं, किंवा गामा नाइफचे किरण दिले असते. माझी ३.१ सेंटीमीटरची होती आणि मेंदूच्या देठाला टेकली होती. उघडून काढण्याला पर्याय नव्हता.

सही करण्याआधी सर्जननी सगळं सांगितलं होतं, हे मी कबूल करते. डाव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जाईल. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागू शकतो, पण गालात बारीक सुया टोचून मशीन लावतो, नसेला हात लागला की ते आवाज करतं, जपून काढू. 'चेहरा' हा शब्द ऐकून माझ्या मनात आलं ते एवढंच, की हसताना जरा वाकडं दिसेल. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला दिसण्याची काय पडली आहे, मुलगी बारावीला आहे, गाठ निघाली पाहिजे. चेहरा म्हणजे पापणीसुद्धा, आणि पापणी म्हणजे डोळा, हे मला कुणी म्हटलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ऑपरेशन नऊ तास चाललं. गाठ निघाली. नस तुटलेली नव्हती, पण गाठीवर ओल्या कागदासारखी पसरली होती, सोडवताना ताणली गेली. सर्जन म्हणाले, "नस जागेवर आहे. वेळ द्या." चेहऱ्याच्या लकव्याच्या सहा पायऱ्या असतात. हाऊस आणि ब्रॅकमन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९८५ साली बांधलेली ती मोजपट्टी आहे. पहिली पायरी म्हणजे ठणठणीत, सहावी म्हणजे काहीच हलत नाही. मी सहावीवर होते. कपाळावर आठी नाही, डोळा मिटत नाही, नाकपुडी गप्प, ओठ लोंबलेला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, लकवा मारला का? अर्धांगवायूत बहुतेक वेळा कपाळ वाचतं, रोग्याला दोन्ही भुवया उचलता येतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. माझी नसच गारद झाल्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत अर्धा चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला होता. माझ्या जावेनं तर म्हटलं, "एका बाजूनं तू वीस वर्षांची दिसून राहिली." तिला वाईट बोलायचं नव्हतं. मला हसू आलं, आणि ते अर्धंच आलं.

वॉर्डातली एक गोष्ट अजून मनात सलते. डोळा उघडा राहतो म्हणून रात्रपाळीच्या कुणीतरी त्यावर गॉजची घडी ठेवून वर पट्टी मारली. आत पापणी उघडीच. म्हणजे रात्रभर माझं बुबुळ गॉजच्या जाळीवर घासलं गेलं. मला कळलंसुद्धा नाही, आणि कळलं नाही हेच वाईट होतं, त्याकडे येते. डोळ्यांचे डॉक्टर पाचव्या दिवशी येऊन दोन मिनिटांत गेले. डिस्चार्जच्या कागदांवर मेंदूबद्दल दीड पान होतं आणि डोळ्याबद्दल एक ओळ: थेंब, दिवसातून चार वेळा.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. घरी आले. दिवसातून चार वेळा थेंब घातले, आज्ञाधारकपणे. नागपूरचा फेब्रुवारी गोड असतो, त्यानं फसवलं. मार्चच्या मध्यात उन्हं चढली आणि डोळा सकाळी उठल्यावर लालबुंद दिसायला लागला. दुखत नव्हता. थोडं धुरकट दिसायचं, ते मलमामुळे असेल असं मी धरून चालले. नवऱ्यानं एकदा उजेडात जवळून पाहिलं आणि म्हणाला, "याच्यावर पांढुरकं काही दिसून राहिलं. चल."

पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेलो. माझा खरा इलाज तिथे सुरू झाला, असं मी मानते. त्यांनी सगळ्यात आधी कापसाची वात वळली, अगदी देवापुढे लावतो तशी, आणि तिच्या टोकानं उजव्या बुबुळाला हलकेच स्पर्श केला. मी दचकले. मग डाव्याला. काहीतरी लागल्यासारखं वाटलं, बस.

"डोळा दुखत नाही म्हणून तुम्ही उशिरा आलात ना?" त्या म्हणाल्या. "दुखल्याचं कळवणारी पाचवी नस. तुमच्या गाठीनं तीही थोडी दाबली होती. मिटत नाही आणि दुखतही नाही, असा डोळा सगळ्यात धोक्याचा."

मग नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळ्या उजेडाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकायला सांगितली. बुबुळावरची साल जिथे गेलेली असते तिथे तो रंग हिरवा चमकतो. त्यांनी ते नवऱ्याला पडद्यावर दाखवलं. बुबुळाच्या खालच्या तिसऱ्या भागात हिरव्या ठिपक्यांचा पट्टा होता, फोडणीत मोहरी सांडावी तसा, आणि त्यात एके ठिकाणी तांदळाच्या कणीएवढा सलग डाग. व्रण होता तो. खालीच का, तेही त्यांनी सांगितलं. आपण डोळा मिटायला गेलो की बुबुळ आपोआप वर जातं. स्कॉटलंडच्या चार्ल्स बेल या डॉक्टरांच्या नावानं ही गोष्ट ओळखली जाते. माझी पापणी अर्धवट उतरायची, बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली लपायचा आणि खालची कड रात्रभर उघडी पडायची. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मारतो, प्रत्येक वेळी डोळ्यावर पाण्याचा एक हात फिरतो. माझ्या डोळ्यावर तो ऑपरेशनपासून फिरलाच नव्हता.

"हसू येईल तेव्हा येईल. त्याच्यासाठी वर्षभर थांबू," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यासाठी मी एक आठवडासुद्धा थांबणार नाही."

हे वाक्य कुणीतरी मला फेब्रुवारीत म्हणायला हवं होतं.

व्रणासाठी अँटिबायोटिकचे थेंब सुरू झाले आणि घरात डोळ्याचं वेळापत्रक लागलं. दिवसा दर तासाला कृत्रिम अश्रूंचे थेंब, तेही प्रिझर्वेटिव्ह नसलेले. इतक्या वेळा घालायचं तर बाटलीतलं टिकवणारं औषधच बुबुळाला चावतं. त्यामुळे छोट्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, पर्समध्ये, देव्हाऱ्याशेजारी, फ्रिजवर. रात्रीचं काम मोठं. हात धुवायचे. मलम घालायच्या आधी पापणी आणि गाल कोरडे पुसून घ्यायचे, कारण तेलकट कातडीवर टेप टिकत नाही. मग खालची पापणी ओढून आत तांदळाच्या दाण्याएवढं मलम. वरची पापणी बोटाच्या पाठीनं खाली आणायची, बोटाच्या टोकानं नाही, नख लागतं. ती पूर्ण मिटली आहे हे नवऱ्यानं टॉर्चनं बघायचं. मग कागदी टेपची पट्टी पापणीवरून तिरकी गालाच्या हाडाकडे. त्यावर स्वयंपाकघरातली, अन्न झाकायची पातळ क्लिंग फिल्म, भुवईपासून गालापर्यंत, कडेनं व्हॅसलीन लावून, म्हणजे आतली ओल आत राहते. पहिल्या रात्री वीस मिनिटं लागली. नवरा वीज कंपनीत आहे, म्हणाला, "केबल जॉइंट करायला मला एवढा वेळ लागत नाही." महिन्याभरात चार मिनिटांवर आलो.

आणि मग कूलर. नागपूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही. एप्रिलपासून आमच्याकडे खिडकीत लोखंडी कूलर लागतो, त्याच्या ताट्यांवर पाणी पडत राहतं आणि रात्रभर अंगावर वाऱ्याचा लोट येतो. त्याशिवाय झोप नाही. तो वारा माझ्या डाव्या गालावर यायचा. ओलसर हवेनं टेप सुटायचा आणि पहाटे तीनला माझा डोळा थेट वाऱ्यात उघडा. आम्ही आधी पलंगाची दिशा बदलली. मग लग्नानंतर प्रथमच जागा बदलल्या, मी भिंतीकडे, तो खिडकीकडे. शेवटी कूलरच्या तोंडावर पुठ्ठा बांधून हवा छताकडे वळवली. घरातले बाकी सगळे दीड महिना घामात निजले आणि कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मीही म्हणतच होती, कूलरनं सांधे धरतात."

उन्हाळ्यानं एक उपकार मात्र केला. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावातल्या झाडून साऱ्या बाया-पोरी गाडीवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर गॉगल, डोक्यापासून हनुवटीपर्यंत काही म्हणून दिसत नाही. धरमपेठेत, बर्डीवर, कुठेही जा, सगळ्या सारख्या. त्या दोन महिन्यांत माझा चेहरा कुणी पाहिलाच नाही. कडेनं बंद असलेला चष्मा मॅडमनी लावायला सांगितला होता, तोही कुणाच्या डोळ्यावर आला नाही. भाजीवाल्याशी बोलताना फक्त पंचाईत व्हायची. 'भेंडी' म्हणायला स्कार्फच्या आत बोटानं डावा ओठ दाबून धरावा लागायचा. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही गवार, दोडकी आणि कारली फार खाल्ली.

व्रण भरला, पण मॅडमना ते पुरेसं वाटत नव्हतं. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, तीही सगळं ठीक चाललं तर. कवटीच्या आतून पापणीपर्यंत पोचायला सहा महिने, कदाचित जास्त. तोपर्यंत नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर, पारा ४५ पार. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, दोन्ही पापण्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी टाक्यांनी थोड्या जोडून टाकायच्या. सोपं, पण डोळा लहान दिसतो आणि बाजूचं दिसणं कमी होतं. डावा कान आधीच गेलेला, डावीकडचं दिसणंही गेलं तर मला रस्ता ओलांडता आला नसता. दुसरी वाट, वरच्या पापणीत सोन्याचं वजन बसवायचं.

याची गंमत अशी, की पापणी उघडणारी नस वेगळी आणि मिटणारी वेगळी. उघडण्याचं काम तिसरी नस करते, ती माझी धडधाकट होती. मिटणारी सातवी झोपलेली. म्हणजे दार उघडणारा माणूस हजर आणि लावणारा रजेवर. मग दारालाच थोडं वजन द्यायचं, उघडणाऱ्यानं हात सोडला की ते आपल्या भारानं खाली येईल. सोनं अशासाठी, की ते जड असतं, लहान तुकड्यात भागतं, शरीरात गंजत नाही आणि पुढे एमआरआय करायलाही आडवं येत नाही.

वजन ठरवण्याचा कार्यक्रम मला फार आवडला. मला ताठ बसवलं. ०.८ ग्रॅमपासूनचे छोटे तुकडे होते, एकेक पापणीवर बाहेरून टेपनं चिकटवायचा आणि म्हणायचं, समोर बघा, आता मिटा. एक ग्रॅमला खाली पांढरी फट राहिली. १.४ ला डोळा मिटला पण उघडल्यावर पापणी पेंगुळल्यासारखी अर्ध्यात लोंबली. १.२ ला बरोबर. आरशात मी तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझा डावा डोळा मिटताना पाहिला, म्हणजे पाहिला नाही, उजव्यानं पाहिला.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या इतवारीच्या, माहेर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. सोन्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात अजून जुन्या मापात चालतो. "एक पूर्णांक दोन ग्रॅम म्हणजे सव्वा मासा," त्या लगेच म्हणाल्या. "चोख हाये की बावीस कॅरेट?" मी म्हटलं, चोख, जवळजवळ शंभर नंबरी. "मंग ठीक. पण पावती घेऊन ठेव."

ऑपरेशन म्हणावं असं ते काही नव्हतं. पापणीत भुलीचं इंजेक्शन, तेवढंच दुखलं. पापणीच्या घडीवर छेद, आत वाकलेली छोटी पट्टी, तिला तीन भोकं, त्यातून टाके घेऊन ती पापणीच्या कडक भागाला शिवली. तासाभरात बाहेर. आठवडाभर डोळ्यावर जांभूळ ठेवल्यासारखी सूज होती. एक गोष्ट आधी माहीत असावी: हे वजन नुसत्या भारानं चालतं, त्यामुळे बसल्या-उभ्याला काम करतं आणि आडवं झालं की सुटीवर जातं. रात्रीचं मलम आणि टेप सुटले नाहीत, फक्त दिवसाचे थेंब तासावरून चार तासांवर आले. मी दोन उशा घेऊन निजायला लागले, त्यानं थोडा फरक पडला.

आमच्या विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. मी रजा वाढवू शकले असते. नाही वाढवली. पहिलीतल्या पोरांना वाटलं, बाई अशाच असतात. एकानं विचारलं, "बाई, तुमचा अर्धा चेहरा झोपला का जी?" मी म्हटलं हो. त्याचं समाधान झालं. मोठ्यांचं इतक्या लवकर होत नाही. स्टाफरूममध्ये एकीनं गालाला कबुतराचं रक्त लावायला सांगितलं, दुसरीनं करंट देणाऱ्याचा पत्ता दिला. फळ्यावर प लिहून मी पोरांसमोर उभी राहिले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. मी वर्गातल्या एका खणखणीत आवाजाच्या मुलीला पुढे बोलावलं आणि प वर्ग तिच्याकडून म्हणवून घेतला. ती पाच दिवस माझे ओठ झाली.

चेहऱ्याचं म्हणाल तर ऑगस्टपर्यंत काहीही नव्हतं. जुलैत ईएमजी झाली, सुया टोचून स्नायूंत वीज खेळते का बघायला, आणि गालाच्या स्नायूत नव्यानं जोडणी होत असल्याच्या खुणा दिसल्या. डोळ्यांना दिसत मात्र काही नव्हतं. सर्जननी पुढचंही सांगून ठेवलं होतं: वर्षभरात काहीच आलं नाही तर चावायच्या स्नायूची किंवा जिभेची नस चेहऱ्याच्या नसेला जोडतात. फार थांबताही येत नाही, दीड-दोन वर्षं हुकूम मिळाला नाही तर स्नायूच वाळून जातात. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून डावा गाल हलतो का बघायचे. तुमचा स्वतःचा गाल तुम्हाला उत्तर देत नाही, यासारखं विचित्र काही नाही.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबत, इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला नागपूरच्या महाल भागात गेलो होतो. सासूबाईंचा हट्ट. पिवळी येऊन गेली, काळी आली, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, 'घेऊन जा गे मारबत!' कुणी महागाई देत होतं, कुणी खड्डे. माझी मुलगी माझ्या उजव्या कानापाशी येऊन ओरडली, "आईचा लकवा घेऊन जा गे मारबत!" आणि मी हसले. ती ओरडायची थांबली. "आई, परत हस." मी परत हसले. "तुझ्या नाकाशेजारी हललं." गर्दीत उभं राहून तिनं माझ्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला आणि मी चार वेळा हसले, पाचव्यांदा थकून गेलं. व्हिडिओत ते दिसतं. नाकपुडीच्या बाजूला, कातडीखाली एखादी मुंगी वळावी एवढंच. श्रेय मारबतीला की सहा महिन्यांच्या मिलिमीटरांना, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत.

मला वाटलं आता दणकून व्यायाम करायचा. उलटंच निघालं. चेहऱ्याच्या व्यायामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी मला थांबवलं. मी डोळे घट्ट आवळून, दात विचकून दाखवत होते. "मॅडम, जोर लावायचा नाही. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढा चुकीचा रस्ता पक्का होईल." ताणलेली नस परत उगवताना तिचे धागे आपापल्या जुन्या घरीच जातील असं नाही. तोंडाकडे जाणारा धागा डोळ्याच्या स्नायूत शिरतो, डोळ्याचा गालात. मग हसलं की डोळा मिटतो आणि डोळा मिटला की ओठ ओढला जातो. म्हणून च्युइंगम नको, फुगे फुगवणं नको, आणि त्यांच्या मते ते करंटही नको. आरशासमोर बसायचं, आणि हसू अगदी थोडं, एक चतुर्थांश आणायचं, दोन्ही बाजू सारख्या राहतील इतकंच. चांगली बाजू पुढे पळायला लागली की तिला आवरायचं. डोळा उघडा ठेवून ओठ हलवायचे. पाच वेळा, मग विसावा. सकाळ-संध्याकाळ गालात अंगठा घालून आतून-बाहेरून चोळायचं.

उनाड पोरगा पळत सुटू नये म्हणून आपण बोट धरून हळूहळू चालतो ना, तसा मी माझा उजवा गाल चालवला. सात-आठ महिने. या काळात मी किती कंटाळले ते लिहीत नाही, कारण त्याचं वर्णनही कंटाळवाणंच होईल. एके दिवशी चूळ भरली आणि पाणी बाहेर आलं नाही. एके दिवशी दुधावरची साय फुंकरीनं बाजूला सरली. प आला, ब आला. म सगळ्यात आधी आला होता, त्याला हवा दाबून धरावी लागत नाही. फ अजून जरा सांडतो. बाप्पा आता स्वच्छ म्हणता येतं, आणि मी ते गरजेपेक्षा जास्त म्हणते अशी घरातल्यांची तक्रार आहे.

धागे चुकायचे ते चुकलेच. मोठ्यानं हसले की डावा डोळा बारीक होतो, डोळा मारल्यासारखा. मुख्याध्यापकांशी बोलताना मला हे सांभाळावं लागतं. हनुवटीवर खळगे पडतात, मानेत दोरी ताठते. आणि एक धागा तर लाळेच्या ग्रंथीकडे जायचा तो अश्रूंच्या ग्रंथीत गेला. हे कळलं ते जेवताना. जावेच्या घरी सावजी मटण होतं. ते खाताना सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत असतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी साधं वरण-भात-तूप होतं आणि माझ्या डाव्या डोळ्यातून धार लागली. सासूबाईंनी घास हातातच ठेवला.

"तू एका डोळ्यानं काऊन रडून राहिली वं? काही बोललं का कोणी?"

डॉक्टरांकडे याला मगरीचे अश्रू म्हणतात. मी सासूबाईंना ते सांगितलं नाही, गैरसमज झाला असता. ज्या डोळ्यात दर तासाला विकतचं पाणी घालत होतो त्याला आता जेवणाच्या वेळी फुकटचं पाणी येतं, एवढंच म्हटलं. त्यांना ते पटलं.

आता दीड वर्ष होऊन गेलं. मोजपट्टीवर मी तिसरीवर आहे, दुसरी लागेल असं कुणी म्हणत नाही. दर चार महिन्यांनी डोळ्याभोवती आणि हनुवटीत बोटॉक्सच्या बारीक सुया घेते, जास्त उत्साही स्नायू थोडे थंड करायला. तीन-चार महिन्यांत त्याचा असर उतरतो आणि मी हसताना पुन्हा डोळा मारायला लागते, म्हणजे तारीख जवळ आली असं समजायचं. रात्री मलम अजून घालते, टेप सुटला. निळ्या उजेडात मागच्या वेळी एकही हिरवा ठिपका नव्हता. खालच्या कडेला व्रणाचा पुसट पांढरा डाग राहिला आहे, तो राहणार.

पापणी आता स्वतःच्या बळावर मिटते. उजवीच्या मागून येते, पण येते. मागच्या खेपेला मॅडम म्हणाल्या की वजनाची गरज कदाचित उरली नाही, पापणीवर त्याचा थोडा उंचवटाही दिसतो, हवं तर उन्हाळ्यानंतर काढू. मी अजून ठरवलेलं नाही. येत्या उन्हाळ्यात तर नाहीच. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई देवापुढच्या वाती वळत बसल्या होत्या.

"काढलं तं तिथंच ठेवून येऊ नको," त्या म्हणाल्या. "सव्वा मासा हाये. पोरीच्या कानातल्यात टाकू."